मधमाश्यांच्या वसाहतीतील श्रमविभागणी

मधमाश्यांच्या वसाहतीतील श्रमविभागणी म्हणजे एकाच मोहोळात राहणाऱ्या माश्यांमध्ये प्रजनन, संगोपन, बांधकाम, अन्नप्रक्रिया, संरक्षण आणि अन्नसंकलन ही कामे वाटली जाण्याची व्यवस्था होय. ही विभागणी दोन पातळ्यांवर आढळते. पहिली विभागणी राणी व कामकरी माश्या यांच्यात असते. राणी अंडी घालते आणि इतर जवळजवळ सर्व कामे कामकरी माश्या करतात. दुसरी विभागणी कामकरी माश्यांमध्ये आपापसांत असते व ती प्रामुख्याने वयावर अवलंबून असते. तरुण माश्या पोळ्याच्या आत काम करतात, तर वयस्क माश्या बाहेर जाऊन मकरंद, पराग व पाणी आणतात. या दुसऱ्या प्रकाराला वयानुसारी श्रमविभागणी असे म्हणतात.

या व्यवस्थेत कामे वाटून देणारा कोणी प्रमुख नसतो. राणी हे नाव प्रचलित असले तरी राणी कोणतीही आज्ञा देत नाही. प्रत्येक कामकरी माशी आपल्या शरीराची अवस्था आणि आजूबाजूची गरज यांनुसार काम करते व त्यातून संपूर्ण वसाहतीचे संतुलन साधले जाते. हे संतुलन लवचीक असते, परंतु या लवचीकतेला मर्यादाही असतात. प्रस्तुत लेखातील माहिती मुख्यतः पाश्चात्त्य मधमाशी (एपिस मेलिफेरा) या जातीविषयी आहे, कारण या विषयावरील बहुतेक संशोधन याच जातीवर झाले आहे. महाराष्ट्रात सातेरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय मधमाशीतही कामांचा क्रम स्थूलमानाने असाच असतो.

पार्श्वभूमी

मुंग्या, वाळवी, मधमाश्यांच्या काही जाती आणि गांधीलमाश्यांच्या काही जाती यांना सामाजिक कीटक म्हटले जाते. पूर्णपणे सामाजिक मानल्या जाणाऱ्या कीटकांमध्ये तीन लक्षणे एकत्र आढळतात. पिलांचे संगोपन सामुदायिक असते, एकाच वसाहतीत एकाहून अधिक पिढ्या एकत्र राहतात आणि प्रजननाचे काम मोजक्या व्यक्तींकडे असून उरलेल्या व्यक्ती बहुतांशी प्रजनन करीत नाहीत.

स्वतः प्रजनन न करता दुसऱ्याच्या संततीसाठी राबणारे कामकरी कीटक उत्क्रांतीने कसे निर्माण झाले, हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांना आपल्या सिद्धान्तापुढील विशेष अडचण वाटला होता. निसर्गाची निवड एकट्या व्यक्तीप्रमाणे कुटुंबालाही लागू पडते, असे उत्तर त्यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुचवले. पुढे १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी नातेसंबंध व जनुकांचा प्रसार यांच्या आधारे या कल्पनेला गणिती रूप दिले. कामकरी माशी स्वतःची संतती वाढवत नसली, तरी तिच्यातील अनेक जनुके तिच्या बहिणी व भावंडांतून पुढच्या पिढीत जातात.

वसाहतीची रचना

भरभराटीच्या हंगामात पाश्चात्त्य मधमाशीच्या वसाहतीत एक राणी, काही शे नर आणि सुमारे २० ते ६० हजार कामकरी माश्या असतात. सातेरी मधमाशीच्या वसाहती तुलनेने लहान असतात. राणी व कामकरी या दोन्ही माद्याच असून त्या एकाच प्रकारच्या फलित अंड्यांपासून तयार होतात. त्यांच्यातील फरक मुख्यतः अळी अवस्थेत मिळणाऱ्या आहारामुळे पडतो. राणी होणाऱ्या अळीला सतत व भरपूर राजान्न दिले जाते, तर कामकरी होणाऱ्या अळीच्या आहारात सुमारे तीन दिवसांनंतर बदल होऊन मध व पराग यांचा समावेश होतो. अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास राणीला सुमारे १६, कामकरी माशीला २१ आणि नराला २४ दिवस लागतात. नर अफलित अंड्यांपासून जन्मतात. ते पोळ्यातील कामांत भाग घेत नाहीत. नव्या राणीशी समागम करणे एवढेच त्यांचे कार्य असते.

कामकरी माशीचा कार्यक्रम

उन्हाळी हंगामात कामकरी माशी साधारणपणे पाच ते सहा आठवडे जगते. या काळातील तिच्या कामांचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. दिलेले वय स्थूल आहे. वसाहतीच्या गरजेनुसार त्यात मोठा फरक पडू शकतो.

| वय (दिवस) | प्रमुख कामे | शारीरिक स्थिती |
|---|---|---|
| १ ते ३ | कप्प्यांची सफाई | उड्डाण व दंश यांची पुरेशी क्षमता नसते |
| ४ ते ११ | अळ्यांना व राणीला भरवणे | डोक्यातील अन्नग्रंथी पूर्ण वाढलेल्या |
| १२ ते २० | पोळे बांधणे, मकरंद स्वीकारणे, वारा घालणे, पहारा | मेणग्रंथी कार्यरत, अन्नग्रंथी आकसू लागतात |
| २१ नंतर | मकरंद, पराग, पाणी व डिंक गोळा करणे | मेणग्रंथी ऱ्हास पावलेल्या, उड्डाणक्षमता पूर्ण |

सफाई व संगोपन. कोषातून बाहेर पडलेली माशी प्रथम रिकामे कप्पे स्वच्छ करते. कप्पा स्वच्छ नसेल तर राणी त्यात अंडे घालण्याचे टाळते. त्यानंतर ती दाई माशी बनते. या वयात ती भरपूर पराग खाते. त्यातील प्रथिनांच्या जोरावर तिच्या डोक्यातील ग्रंथी वाढतात व त्यांतून अळ्यांसाठी पोषक स्राव निर्माण होतो. अळ्यांना दिवसरात्र भरवावे लागत असल्याने दाई माश्यांच्या कामात दिवस व रात्र असा भेद आढळत नाही. याउलट बाहेर जाणाऱ्या माश्यांमध्ये दिवसा काम व रात्री झोप असा स्पष्ट क्रम असतो.

मधल्या वयातील कामे. या वयातील माशी एकाच कामाला बांधलेली नसते. पोटाच्या खालच्या बाजूस असणाऱ्या मेणग्रंथींच्या चार जोड्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे स्रवतात. माशी ते जबड्याने मळून षटकोनी कप्पे बांधते. बाहेरून आलेल्या माशीकडून तोंडावाटे मकरंद घेणे, त्यातील पाणी कमी करणे, त्यात विकरे मिसळून मध तयार करणे आणि पराग कप्प्यात ठासून भरणे ही कामेही याच वयात होतात. अळ्या व कोष असलेल्या भागाचे तापमान सुमारे ३४ ते ३६ अंश सेल्सिअस राखावे लागते. उष्णता वाढल्यास माश्या पंखांनी वारा घालतात आणि पाण्याचे थेंब पसरवून पोळे थंड करतात. तापमान घटल्यास त्या उड्डाणाचे स्नायू कंपित करून उष्णता निर्माण करतात.

काही माश्या प्रवेशद्वारावर पहारा देतात. आत येणाऱ्या माशीचा गंध तपासून परक्या वसाहतीतील चोरट्या माश्यांना त्या अडवतात. संकट आल्यास त्या इशारा देणारा गंध सोडतात व त्यामुळे इतर माश्याही सावध होतात. सर्वच माश्या पहाऱ्याचे काम करतात असे नाही. बहुसंख्य माश्या ते न करताच पुढच्या कामाकडे वळतात. मृत माश्या उचलून मोहोळाबाहेर टाकणाऱ्या माश्यांचा गट तर याहूनही लहान असतो. कोणत्याही वेळी वसाहतीतील सुमारे एक टक्का माश्या या कामात गुंतलेल्या असतात. रोगप्रसार रोखण्याच्या दृष्टीने मात्र हे काम अत्यंत महत्त्वाचे आहे.

अन्नसंकलन. सुमारे तीन आठवड्यांनंतर माशी संग्राहक बनते. त्याआधी मोहोळाच्या परिसरात छोटी उड्डाणे करून ती आपल्या ठिकाणाची ओळख करून घेते. संग्राहक माश्यांमध्येही काही मुख्यतः मकरंद आणतात, काही पराग, तर थोड्या पाणी किंवा झाडांचा डिंक आणतात. शत्रू, पाऊस, वाट चुकणे आणि पंखांची झीज यांमुळे बाहेरचे काम सर्वांत धोक्याचे असते. हे काम सुरू केल्यावर माशी बहुधा एक ते दोन आठवडेच जगते. सर्वांत जोखमीचे काम आयुष्याच्या अखेरीस येत असल्यामुळे प्रत्येक माशीकडून वसाहतीला अधिकाधिक काळ सेवा मिळते, असे या क्रमाचे स्पष्टीकरण दिले जाते.

विश्रांती व गस्त. मधमाशी अखंड कष्ट करते हा समज निरीक्षणांशी जुळत नाही. मार्टिन लिंडाउअर यांनी एकाच खूण केलेल्या माशीचे सुमारे १७७ तास निरीक्षण केले व ते १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ७० तास ती माशी निष्क्रिय होती आणि सुमारे ५६ तास पोळ्यावर नुसती फिरत होती. हे फिरणे निरर्थक नसते. फिरताना माशीला रिकामे कप्पे, भुकेल्या अळ्या वा अपुरे बांधकाम आढळते आणि ती त्या कामास लागते. विसावलेल्या माश्या वसाहतीचे राखीव मनुष्यबळ ठरतात. एकाएकी फुलोरा वाढला किंवा संकट आले तर त्यांचा उपयोग होतो.

संशोधनाचा इतिहास

काचेच्या भिंती असलेली निरीक्षण-पेटी आणि माश्यांवर रंगाच्या खुणा करण्याची पद्धत यांमुळे या विषयाच्या अभ्यासाला गती मिळाली. कार्ल फॉन फ्रिश यांचे शिष्य गुस्ताव रोश यांनी १९२५ मध्ये वयानुसार कामे बदलतात हे पद्धतशीर नोंदींच्या आधारे दाखवले. त्यानंतर त्यांनी केवळ तरुण किंवा केवळ वयस्क माश्या असलेल्या वसाहती तयार करून पाहिल्या. तरुणांच्या वसाहतीत काही माश्या अकालीच अन्नसंकलनास जाऊ लागल्या, तर वयस्कांच्या वसाहतीत काही माश्या पुन्हा आतील कामे करू लागल्या. वयाचा क्रम हा कठोर नियम नसून गरजेनुसार बदलणारा कल आहे, हे यातून स्पष्ट झाले. मधमाश्यांच्या नृत्यभाषेच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेल्या फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील काळात थॉमस सीली, जीन रॉबिन्सन, रॉबर्ट पेज, ग्रो आमदाम आदी संशोधकांनी या अभ्यासात मोलाची भर घातली. २००६ मध्ये मधमाशीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर वर्तन व जनुके यांच्या संबंधाचा अभ्यास अधिक सुकर झाला.

कामांचे नियंत्रण

संप्रेरके व प्रथिने. दाई माश्यांच्या शरीरात ज्युव्हेनाइल हॉर्मोन या संप्रेरकाचे प्रमाण कमी, तर संग्राहक माश्यांमध्ये ते जास्त असते. व्हायटेलोजेनिन या प्रथिनाची स्थिती याच्या उलट असते. हे दोन्ही घटक एकमेकांना दाबतात. प्रयोगात व्हायटेलोजेनिनची निर्मिती कमी केलेल्या माश्या लवकर बाहेर जाऊ लागतात, असे आढळले आहे. संग्राहक होताना शिकणे व स्मरण यांच्याशी संबंधित असणाऱ्या मेंदूच्या भागातही बदल होतात आणि अनेक जनुकांची क्रियाशीलता बदलते.

सामाजिक संकेत. माशीच्या वयोविकासाची गती तिच्या सोबतिणींवरही अवलंबून असते. संग्राहक माश्यांच्या शरीरावर एथिल ओलिएट हे रसायन असते. तरुण माश्यांचा त्यांच्याशी संपर्क आल्यास त्यांचे संग्राहक होणे लांबते. संग्राहकांची संख्या घटली की हा अटकाव कमी होतो आणि तरुण माश्या त्यांची जागा घेतात. अशा रीतीने कोणीही मोजदाद न करता बाहेरच्या कामातील उणीव भरून निघते. राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींतून निघणारा गंधस्राव आणि अळ्यांचे गंध यांचाही या प्रक्रियेवर परिणाम होतो.

मकरंद आणणाऱ्या व तो स्वीकारणाऱ्या माश्यांमधील मेळ प्रतीक्षेच्या काळावरून साधला जातो. परतलेल्या माशीला मकरंद घेणारी माशी लगेच भेटली, तर ती फुलांची दिशा व अंतर सांगणारे नृत्य करून अधिक माश्यांना बाहेर पाठवते. तिला बराच वेळ ताटकळावे लागले, तर ती थरथरत चालण्याचे वेगळे नृत्य करते. त्यामुळे अधिक माश्या मकरंद स्वीकारण्याच्या कामास लागतात.

प्रतिसादाचा उंबरठा. कामाची गरज दर्शवणारी चेतना एका ठरावीक पातळीपलीकडे गेली की माशी त्या कामास लागते. या पातळीला प्रतिसादाचा उंबरठा म्हणतात. तो प्रत्येक माशीचा वेगळा असतो. उष्णता थोडी वाढताच काही माश्या वारा घालू लागतात, तर काही माश्या तापमान बरेच वाढल्यावरच त्यात सामील होतात. सर्वांचा उंबरठा सारखा असता, तर सर्व माश्या एकदम काम सुरू करून एकदम थांबल्या असत्या आणि तापमान सतत वरखाली होत राहिले असते.

अनुवंश. राणी साधारणतः १० ते २० नरांशी समागम करते. त्यामुळे एकाच वसाहतीत एका मातेच्या पण निरनिराळ्या पित्यांच्या मुली असतात. पहारा देणे, मृत माश्या हलवणे, पराग आणणे अशा कामांकडे असलेला ओढा पितृवंशानुसार कमीअधिक असतो. एकाच नराच्या संततीच्या वसाहतींपेक्षा अनेक नरांच्या संततीच्या वसाहती तापमान अधिक स्थिर राखतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

लवचीकता व तिच्या मर्यादा

गरज पडल्यास संग्राहक माशी पुन्हा दाई होऊ शकते. अशा माशीच्या आकसलेल्या अन्नग्रंथी पुन्हा काम करू लागतात. आतील कामाकडे परतलेल्या काही माश्यांची वयामुळे मंदावलेली शिकण्याची क्षमताही सुधारलेली आढळली आहे. मधमाशीतील वार्धक्य हे केवळ दिवसांवर नव्हे, तर कामाच्या स्वरूपावरही अवलंबून असते, असे यावरून दिसते. थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी जन्मलेल्या माश्या, संगोपनाचे काम जवळजवळ बंद असल्याने, अनेक महिने जगतात.

मात्र हीच लवचीकता विशिष्ट परिस्थितीत घातक ठरते. कीटकनाशके, रोग, परजीवी किंवा उपासमार यांमुळे संग्राहक माश्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तर त्यांची जागा अपुऱ्या वयाच्या माश्या घेतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माश्यांना सूक्ष्म रेडिओ-खुणा लावून त्यांच्या फेऱ्या मोजण्यात आल्या. लवकर बाहेर पडलेल्या माश्यांनी कमी फेऱ्या केल्या आणि त्या लवकर मेल्या, असे त्यात आढळले. त्या मेल्यावर आणखी तरुण माश्या बाहेर पडतात. परिणामी आत अळ्यांना भरवणाऱ्या माश्या कमी होतात, नवी पिढी घटते आणि वसाहत वेगाने ढासळते. एरवी उणीव भरून काढणारी यंत्रणाच अशा वेळी ऱ्हासाला गती देते. बाहेरून ठीक दिसणारी वसाहत थोड्याच काळात रिकामी का होते, याचे एक स्पष्टीकरण या प्रक्रियेतून मिळते.

इतर सामाजिक कीटक

मुंग्या. अनेक मुंग्यांमध्येही तरुण कामकरी आत व वयस्क बाहेर असा क्रम असतो. काही जातींत त्याच्या जोडीला आकारानुसार विभागणीही असते. मध्य व दक्षिण अमेरिकेतील पानकापी मुंग्यांमध्ये अगदी लहान कामकरी बुरशीच्या बागेची निगा राखतात, मध्यम आकाराच्या पाने कापतात आणि मोठ्या डोक्याच्या मुंग्या संरक्षण करतात. भारतात आंबा व इतर झाडांवर पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्यांमध्ये मोठ्या कामकरी बांधकाम, शिकार व संरक्षण करतात, तर लहान कामकरी मुख्यतः घरट्यात राहून पिलांची देखभाल करतात. पाने जोडण्यासाठी लागणारा रेशमी धागा अळ्यांपासून मिळतो. त्यामुळे या जातीत अळ्यांचाही बांधकामात वाटा असतो.

वाळवी. वारुळात राहणाऱ्या वाळवीचा मुंग्यांशी जवळचा संबंध नाही. मुंग्या व माश्या यांच्यातील कामकरी केवळ माद्या असतात, परंतु वाळवीत कामकरी व सैनिक नर आणि मादी दोन्ही असू शकतात. राणीबरोबर राजाही वसाहतीत कायम राहतो. सैनिकांचे जबडे संरक्षणासाठी इतके विशेष झालेले असतात की त्यांना स्वतः अन्न खाता येत नाही. कामकरी वाळवी त्यांना भरवतात.

गांधीलमाश्या. दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या कागदी घरटे करणाऱ्या गांधीलमाशीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. या जातीत राणी व कामकरी यांच्या शरीररचनेत फरक नसतो. कामाची निवड प्रत्यक्ष वयापेक्षा घरट्यातील इतर माश्यांच्या तुलनेतील वयावर अधिक अवलंबून असते. राणी नाहीशी झाल्यास कामकरी माश्यांपैकीच एक तिची जागा घेते.

मधपालनातील महत्त्व

श्रमविभागणीचे ज्ञान मधपालनात प्रत्यक्ष उपयोगी पडते. नव्या राण्या वाढवण्यासाठी किंवा राजान्न मिळवण्यासाठी भरपूर दाई माश्या असलेली वसाहत निवडावी लागते. वसाहतीचे विभाजन करून नवी पेटी त्याच आवारात ठेवल्यास संग्राहक माश्या जुन्या जागी परततात व नव्या पेटीत प्रामुख्याने तरुण माश्या उरतात. म्हणून अशा पेटीला काही दिवस साखरेचा पाक देणे व तिचे प्रवेशद्वार लहान ठेवणे आवश्यक असते. पेटीची तपासणी स्वच्छ हवामानात व दिवसा केल्यास बऱ्याच वयस्क माश्या बाहेर असतात, त्यामुळे दंशाचा त्रास कमी होतो. पिके फुलोऱ्यात असताना कीटकनाशकांची फवारणी टाळणे, तसेच फवारणी अटळ असल्यास माश्या परतल्यानंतर सायंकाळी करणे, यामुळे संग्राहक माश्यांची हानी कमी होते. वर वर्णिलेली ऱ्हासाची साखळी रोखण्याच्या दृष्टीनेही ही खबरदारी महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रात पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था मधमाश्या व मधपालन या विषयांवर काम करते. महाबळेश्वर परिसर सातेरी मधमाशीच्या पालनासाठी प्रसिद्ध आहे. तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित करण्यात आले.